येते म्हणायचं असतं

१

तशी मी सुखी बाई. हे आधीच सांगून ठेवते, म्हंजे पुढचं ऐकून कुणी म्हणायला नको की लीलाबाईच्या डोक्यावर परिणाम झाला व्हता. सांगवीत नीरेच्या पाण्यावर पाच एकर ऊस, तीन गाई, स्लॅबचं घर, आणि मालक असे की तीस वर्षांत कधी आवाज चढवला न्हाय. चेष्टा मात्र उठता-बसता. भाजीत मीठ जास्त पडलं तर म्हणणार, "लीला, समुद्र घरीच आणलास व्हय? मग तिकिटं कशाला काढलीत?"

तिकिटं मॉरिशसची. आमची लेक रेश्मा पुण्यात कंपनीत कामाला हाय. दिवाळीला आली आणि फराळाच्या ताटावरच जाहीर करून टाकलं, "आई, आप्पा, लग्नाला तीस वर्षं झाली. फेब्रुवारीत तुमी दोघं मॉरिशसला जायचं. आठ दिवस. न्हाय म्हणायचं न्हाय."

शेजारी माझी जाऊ प्रयागबाई चकली मोडत बसली व्हती. ती म्हणली, "मोरिस? तितं काय देव हाय?"

"ऊस हाय," मालक म्हणले.

"मग हितल्या उसाला काय धाड भरलीय?"

मालकांना तितला ऊस बघायचाच व्हता. पाचट जाळत्यात का तसंच ठेवत्यात, सरी किती फुटाची, हे सगळं. मला मात्र समुद्र बघायचा व्हता. लग्न झाल्यापासनं मी एका रातीच्या वर घराबाहेर राह्यले न्हाय. माहेर काटेवाडी, तितंबी सकाळी जायचं आणि सांजच्या धारंला परत. कारण आमची चंद्री. गाय गुणाची, दुधाला भरपूर, पण माझ्याबिगर कासंला कुणाचा हात लागू देत न्हाय. मशीन आणलं तर लाथंनं गोठ्याबाहेर घालवलं.

माझी मागणी एवढीच व्हती. आठ दिवस जायचं, डोळं भरून पाणी बघायचं, आणि नवव्या दिवशी आपल्या घरात, आपल्या माणसाजवळ, आपल्या चहाच्या पातेल्यापुढं येऊन बसायचं. लई मागितलं का, तुमीच सांगा.

२

रेश्मानं हॉटेल घेतलं न्हाय. आप्पांना तितलं खाणं सोसायचं न्हाय म्हणून तिनं घरगुती जागा शोधली, आणि त्या घराच्या मालकीणबाई निघाल्या मराठी. भामाबाई सकाराम. खापरपणजा सखाराम ऊस तोडायला बोटीनं गेला, त्याचं नावच पुढं आडनाव झालं. रेश्मा म्हणली, "आई, खायचं-प्यायचं, फिरायचं तूच ठरव त्यांच्याशी. व्हिडिओ कॉल लाव. फक्त तिकडं आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं, तेवढं ध्यानात ठेव."

मालक रानात गेले, आणि चार वाजता मी माजघरात लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून बसले. पडद्यावर एक वेताची खुर्ची दिसली. मागं आंब्याचं झाड आणि पानांच्या फटीतनं निळा तुकडा. तोच समुद्र, मी वळखला. खुर्चीत माझ्याच वयाची बाई, फुलाफुलांचा झगा घातलेली.

"बोंझूर… नमस्कार. माझी मराठी तुटलेली आहे. माफ करा."

"तुटली तर तुटली," मी म्हणलं. "जोडून घेऊ की आपण."

मग तिनं तिची गल्ली सांगितली. उजव्या अंगाला तमिळ लोकांचं देऊळ, पुढं मशीद, कोपऱ्यावर चिनी माणसाचं दुकान. समोरचे शेजारी रविवारी चर्चला जाणार आणि शनिवारी ढोल तापवून नाचणार. गणपतीत सगळी तिच्याकडं मोदक खायला येणार.

"एवढी नाना तऱ्हेची माणसं, मग भांडणं होत न्हाईत?"

"होतात. कोंबड्यांवरून."

मला ती बाई तितंच आवडली. भाकरीचं पीठ मिळतं का, तर न्हाय, पण डाळपुरी मिळती. पुरणपोळीच, फक्त गूळ नसतो. (हे मी रातच्याला मालकांना सांगितलं, तर म्हणले, "म्हंजे रुसलेली पुरणपोळी.") तिनं इचारलं, तुमच्या गावाजवळ नदी आहे का. मी म्हणलं, हाय, नीरा. तिनं ते नाव पुटपुटून बघितलं. मग म्हणली, "हे नाव आमच्या घरात राहिलं आहे. गावाचं नाव राहिलं नाही, नदीचं राहिलं."

शेवटी ती म्हणली, "बरं, मी जाते."

"अगं बाई! जाते म्हणू नये. जाते म्हंजे कायमचं. आपल्यात निघताना येते म्हणत्यात."

"पण मी येत नाही. मी तर जाते आहे."

"तरीबी. येते म्हणायचं असतं."

"तरीच," ती हळूच म्हणली. "आमच्यात हे कुणी सांगितलंच नाही. सखाराम जातो म्हणूनच निघाला असेल." आणि मग शाळेतल्या पोरीवाणी सरसावून बसली. "आणि समोरच्यानं काय म्हणायचं?"

"समोरच्यानं म्हणायचं, या."

"येते हं, लीलाबाई."

"या," मी म्हणलं. दोघी बी खदखदून हसलो आणि फोन बंद केला.

३

मग रोजचाच कार्यक्रम झाला तो. चार वाजले की मालक रानात, मी माजघरात, फोन बरणीला. सोमवारी समुद्र, मंगळवारी सात रंगांची माती, बुधवारी महादेवाचा तलाव, बेस्तरवारी मालकांसाठी ऊस. मी वहीत उतरून घ्यायची. एवढं सुख मला माझ्या लग्नाच्या याद्या करतानाबी झालं नव्हतं, कारण त्या याद्या माझ्या बापानं केल्या व्हत्या.

भामाबाईची मराठी तर बघता बघता सुधारली. पयल्या आठवड्यात "आहे, नाही" करणारी बाई दुसऱ्या आठवड्यात म्हणायला लागली, "व्हय लीलाबाई, हितं लई ऊन हाय." मला अभिमान वाटला. म्हणलं, आपण दहावी नापास, पण मास्तरीण झालो की.

त्याच दिवसांत ते ट्रॉलीचं झालं. कारखाना चालू, रस्त्यानं दिवसभर उसाच्या ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी. फोनवर बोलताना ट्रॉली गेली की तिच्याकडनंबी तेच गाणं ऐकू यायचं. मी मनाला म्हणलं, आपलाच आवाज तिकडं जातो आणि परत येतो. रेश्माशी बोलतानाबी असंच होतं. पण एकदा गाणं आधी फोनातनं आलं. मी थांबून ऐकलं. चांगलं एक कडवं झालं फोनात. मग लांबनं, वळणावरनं, आमच्या रस्त्यानं ट्रॉली आली.

आता ह्याला काय म्हणणार? गाणी सगळीकडं तीच असत्यात. मॉरिशसलाबी ऊस, मॉरिशसलाबी ट्रॅक्टर. मी ते तितंच सोडून दिलं. पण उठता उठता सहज इचारलं, "किती वाजलं तुमच्याकडं?"

"साडेचार," ती म्हणली.

आमच्या भिंतीवरच्या घड्याळातबी साडेचारच वाजलं व्हतं. एखादीचं घड्याळ पुढं असतं.

खरी काळजी दुसरीच व्हती. आठ दिवस धार कोण काढणार? मालकांनी पणदऱ्याहून जोतीराम नावाचा धारवाला आणला. हुशार माणूस, शंभर गाई हाताखालनं गेलेल्या. चंद्रीनं त्याला येऊ दिलं, बसू दिलं, आणि मग अशी लाथ घातली की बादली एकीकडं, जोतीराम एकीकडं. जाताना लंगडत म्हणला, "आप्पा, ही गाय न्हाय. ही सासू हाय."

मालक हसले, पण रातच्याला जेवताना माझ्याकडं न बघता म्हणले, "लीला, तिकिटं बदलून घेऊ का? पुढच्या साली बघू."

पुढचं साल मी तीस वर्षं ऐकत आले व्हते. मी ताट सारलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी हे सगळं भामाबाईला सांगितलं आणि सांगता सांगता रडले. ती शांतपणे ऐकत व्हती. म्हणली, "काळजी करू नगा. गाईचं मी बघते."

मला वाटलं, धीर द्यायला म्हणती बिचारी.

"येते हां."

"या," मी डोळं पुसत म्हणलं.

४

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू. प्रयागबाईकडं बायका जमल्या, मोरिसचा विषय निघाला, आणि गप्पांत मला भानच राह्यलं न्हाय. सव्वासहा वाजलं. डेअरीची गाडी साडेसहाला येती. पदर खोचून पळतच आले. गोठ्यात गेले तर चंद्री निवांत रवंथ करतीय आणि दाराशी बादली भरलेली, वर ओलं फडकं. मी टाकते तसंच.

मालक हातपाय धूत व्हते. मी इचारलं, "धार कुणी काढली?"

"तूच की."

"मी आत्ता येतीय हळदीकुंकवातनं."

"मी गोठ्यात बघितलं तुला. पाठमोरी बसली व्हतीस. म्हणलं, आज लवकर? तर तू व्हय म्हणलीस." आणि टॉवेलनं तोंड पुसत म्हणले, "वाणातला तिळगूळ जरा जास्तच चढलाय तुला."

मी इचार केला. तीस वर्षं रोज त्याच जागी दिसणारी बाई एखाद्या दिवशी नसली तरी डोळ्याला दिसतीच. सवय असती. आणि धार? धार मीच काढून गेले असंन आणि इसरले असंन. चार वाजता फोन, मग धार, मग हळदीकुंकू. असंच झालं असंल. हाताला दुधाचा वास येतो का म्हणून मी हात हुंगून बघितलं, तर हळदीचा येत व्हता.

पण खरं सांगू? भीतीपेक्षा मला बरंच जास्त वाटलं. गाय शांत उभी राह्यली, हेच माझ्या मनानं धरलं.

त्यानंतर तीन-चारदा तसंच झालं. मी पोचायच्या आधी बादली भरलेली. दुपारी मी पुढच्या अंगणात निवडत बसले की मागच्या खोलीत खराटा चालल्याचा आवाज. उठून गेलं की आवाज न्हाय, पण जमीन झाडलेली. एकदा मालक जेवताना म्हणले, "आज भाकरी लई मऊ झालीय. पयल्यासारखी." मी तोंडाला पदर लावला. त्या दिवशी मी भात टाकला व्हता. भाकरी केलीच नव्हती.

मालकांच्या ताटात मात्र भाकरी व्हती. ते चवीनं खात व्हते. मी माझ्या ताटात भात वाढून घेतला.

५

बॅगेचं वजन तेवीस किलोच्या वर चालत न्हाय, असं रेश्मानं बजावलं व्हतं. मी आठ दिवसांचं सामान भरलं, चटण्या भरल्या, मालकांनी मक्याच्या पोत्यांचा काटा आणून बॅग टांगली. चौदा किलो. दुसऱ्या दिवशी औषधांची डबी टाकली आणि पुन्हा टांगली तर सतरा.

"डबीत काय खडीसाखर भरलीस का दगड?" मालक म्हणले.

तिसऱ्या दिवशी एकवीस. मग मी दार लोटून बॅग उपसली. माझ्या साड्यांच्या खाली माझा लग्नातला शालू निघाला. त्याच्याखाली थंडीतला स्वेटर. मॉरिशसला स्वेटर! त्याच्याखाली माझ्या आईचा फोटो, जो देवघराशेजारी खिळ्याला असतो. माझा शाळेचा दाखला. तरुणपणीची चोळी, जी मला आता अंगठ्यातसुद्धा बसायची न्हाय. या घरात जे जे माझं व्हतं, ते सगळं नीट घड्या घालून ठेवलेलं. घड्या माझ्याच पद्धतीच्या.

मालकांच्या बॅगेत बघितलं. दोन सदरे, एक पायजमा, दाढीचं सामान. जेवढं ठेवलं तेवढंच.

मी सगळं काढून जागच्या जागी लावलं. मनात म्हणलं, लीले, तूच केलंस हे. कधी बाहेर गेली न्हाईस, त्यामुळं किती न्यावं ते कळंना तुला. पण फोटो खिळ्याला परत लावताना वाटलं, आठ दिवसांसाठी निघालेली बाई आईचा फोटो नेती व्हय?

तेवढ्यात चार वाजलं आणि फोन आला. प्रयागबाई साय मागायला आलेली, तीबी शेजारी बसली. मोरिसच्या बाईला डोळं बारीक करून बघत राह्यली. बोलणं झालं, "येते हां," "या," झालं आणि फोन ठेवला, तर प्रयागबाई म्हणली, "अगं, ती रोज येते म्हणती आणि तू रोज या म्हणतीस. एखाद्या दिवशी बोचकं घेऊन दारात उभी राहील की."

"तसं म्हणायची पद्धत असती."

"पद्धत आपल्यात. तिला काय ठावं पद्धत? ती आपली खरंच समजायची."

साय घेऊन प्रयागबाई गेली. मी तितंच बसून राह्यले. मागच्या खोलीत खराटा चालू झाला आणि ह्या खेपंला मी उठून बघायला गेले न्हाय.

६

मी ठरवलं, आता या म्हणायचं न्हाय. साधी गोष्ट. एक अक्षर गिळायचं. तसं न केलं तर मनाला रुखरुख राहील, आणि रुखरुख घेऊन कशाला समुद्र बघायचा?

दुसऱ्या दिवशी फोन लावला. तीच खुर्ची, तेच झाड. भामाबाईनं झगा सोडून पातळ नेसलं व्हतं, पदर डोक्यावरनं. कपाळाला मोठं कुंकू. मला बघून हसली. गोड हसायची, ते कबूल करायला पायजे.

"मग, झाली का समदी तयारी?"

"झाली," मी म्हणलं. "बॅग जरा जड व्हतीय."

"असू द्या की. लागंल."

काय लागंल, हे मी इचारलं न्हाय. इचारायला पायजे व्हतं. हवा-पाण्याचं बोललो. चिनी दुकानदाराला नातू झाला, ते तिनं सांगितलं. मग ती म्हणली, "बरं, लीलाबाई. येते हां."

मी ओठ मिटून बसले.

ती बी बसली. फोन बंद केला न्हाय, काही बोलली न्हाय. नुसती बघत राह्यली, वाट बघणाऱ्या माणसासारखी. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत व्हतं. मी नजर खाली घातली, वर केली, ती तशीच. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिचं हसू हळूहळू कमी व्हायला लागलं, आणि डोळं भरायला लागलं.

दारात आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करून आपण गप बसायचं, असलं माझ्या माहेरी-सासरी कुणी केलं न्हाय. वैरी आला तरी आधी पाणी विचारायचं, मग भांडायचं, अशी आमची रीत. तरीबी मी दम धरला असता. पण तेवढ्यात गोठ्यातनं चंद्री हंबरली. सांज व्हायला आली व्हती. आणि मला जोतीरामची लाथ आठवली, मालकांचं ते "पुढच्या साली बघू" आठवलं. ही बाई आली न्हाय तर मी जाणार न्हाय, एवढं मला लख्ख कळलं. माझा स्वार्थ व्हता, झाकून कशाला ठेवू? मनात म्हणलं, आठ दिवस राहू दे. आठ दिवसांनी मीच येणार हाय की.

"या," मी म्हणलं.

पडद्यावर खुर्ची रिकामी व्हती. उठताना दिसली न्हाय, वळताना दिसली न्हाय. झाड व्हतं, निळा तुकडा व्हता, आणि वेताची खुर्ची जराशी कुरकुरत व्हती. मी "भामाबाई, अवो भामाबाई" म्हणत राह्यले.

मागं गोठ्यात बादलीची कडी वाजली.

७

त्यानंतरचे चार दिवस इतके छान गेले की काय सांगू. फोन आला न्हाय, मीबी लावला न्हाय. घरातलं काम आपोआप उरकलेलं असायचं. मालक खुशीत. संध्याकाळी मोकळी बसून मी नखं रंगवली, पन्नाशी उलटल्यावर. मनाला एकच सांगायची, आता निघायला दोनच दिवस राह्यलेत.

शेवटची खरेदी राह्यली व्हती म्हणून प्रयागबाईला घेऊन बारामतीला गेले. वाळूत चालायच्या चपला घेतल्या. भिगवण चौकात एका दुकानात प्रयागबाईनं मला उन्हाचा काळा चष्मा लावून बघितला आणि पोट धरून हसली. "घे, घे. भाऊजी वळखायचं न्हाईत."

घेतला. म्हणलं, मालकांची तीस वर्षं चेष्टा ऐकली, एकदा आपणबी करू.

पाचच्या एसटीनं सांगवीत उतरलो. प्रयागबाई तिच्या दाराशी वळली, "सकाळी येते गं," म्हणत. मी चष्मा डोळ्यावर चढवला, पिशव्या दोन्ही हातात, आणि ऐटीत फाटकाशी आले.

मालक पायरीवर बसून चहा पीत व्हते. गोठ्याकडं तोंड करून काहीतरी सांगत व्हते आणि स्वतःच हसत व्हते. लई दिवसांनी असं मोकळं हसताना बघितलं मी त्यांना. गोठ्यात चंद्री उभी व्हती, कान पाडून, निवांत. तिच्या पलीकडं कुणीतरी बसलेलं. गाईच्या पोटाखालनं दोन हात दिसले, कोपरापर्यंत. हिरव्या बांगड्या. धार बादलीत एकसारखी वाजत व्हती. माझ्या उजव्या मनगटावर तव्याचा चटका बसल्याचा डाग हाय, रेश्माच्या बारशाच्या वेळचा. त्या हातावरबी त्याच जागी डाग व्हता.

मी माझ्या मनगटाकडं बघितलं न्हाय.

मालकांनी मान वर केली. "कोण पायजे बाई तुमाला?"

मला हसू आलं. चष्मा लागू पडला म्हणायचा. तो काढून मी म्हणलं, "आता तरी वळखलं का?"

ते गडबडीनं उठले, टोपी सारखी केली. "रागवू नगा हां. नजर कमी झालीय माझी. लांबनं आलेल्या दिसताय. बसा की."

चेष्टा करताना मालकांचा डावा डोळा बारीक व्हतो. मी बघत उभी राह्यले. आता व्हईल, मग व्हईल. डोळा काही बारीक झाला न्हाय. तीस वर्षांत मला त्यांनी कधी "तुमी" म्हणलं नव्हतं, चेष्टेतसुद्धा न्हाय.

"अवो, मी लीला," मी म्हणलं.

"व्हय का? आमच्या मंडळींचंबी तेच नाव हाय." आणि गोठ्याकडं वळून त्यांनी हाक मारली, "अगं, ऐकतीस का? पाणी आण. पाव्हण्याबाई आल्यात."

धार थांबली. चंद्रीच्या पलीकडनं आवाज आला, माझाच, जरासा दमलेला.

"आले, आले."

मालकांनी आतनं खुर्ची आणली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली. चांगली माणसं व्हती. मी बसले.